धरमतरच्या खाडीवरील शिल्पकार

पेणहून अलीबागेस जाणारा प्रवासी वडखळ मागें टाकून थोडा पुढें आला, कीं धरमतरचा पूल लागतो. पुलाखालीं अंबा नदी समुद्राच्या भरती-ओहोटीच्या आधीन होऊन खाडी बनलेली असते. ओहोटी लागली म्हणजे दोन्ही तीरांवरचा काळा, ओला, चकाकणारा चिखल उघडा पडतो, आणि भरतीबरोबर तोच पुन्हां दिसेनासा होतो. ‘धरमतर’ ह्या नांवांतच ‘तर’ आहे. आणि तर म्हणजे माणसाला पैलतीरीं पोंचविणारी नाव. पूल होण्यापूर्वीं येथें तरीनेंच खाडी ओलांडावी लागे. मुंबईहून येणारे मचवे, पडाव आणि आगबोटी ह्याच पाण्यावरून कुलाबा जिल्ह्याचा माल व माणसें नेत-आणीत. आज त्याच पाण्यावरून लोहखनिज व कोळसा ह्यांनीं भरलेले बार्ज डोलवीच्या पोलाद-कारखान्याकडे जातात.

खाडीच्या पूर्वेस पेण आहे. पेणचा गणपति कोणाला ठाऊक नाहीं? पेण शहरांत आणि जवळच्या हमरापूर, जोहे ह्या गांवांत वर्षाचे बाराहि महिने गणेशमूर्ति घडत असतात, आणि मुंबई-पुण्याच्याच नव्हे तर सातासमुद्रांपलीकडील मराठी घरांतहि त्या जाऊन पोंचतात. ह्या मूर्तीची एक मौज अशी कीं, ती घडविणाराला ती टिकवावयाची नसते. दीड दिवस, पांच दिवस, फार तर दहा दिवस पूजा घ्यावी आणि पाण्यांत मिळून जावें, एवढेंच तिचें आयुष्य. शाडूची माती तिला योग्य, ती ह्याचसाठीं कीं पाण्याला ती लवकर वश होते.

त्याच खाडीच्या मुखाजवळ, पश्चिमेच्या अंगाला, रेवस-अलीबागेच्या वाटेवर सासवणें नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें समुद्राजवळच्या एका घरांत आणि त्याच्या अंगणांत शेंदीडशें शिल्पें मांडलेलीं आहेत, आणि त्यांतील एकहि विसर्जनासाठीं घडलेलें नाहीं. शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर ह्यांचें हें घर. एकाच खाडीच्या एका अंगाला विरघळण्यासाठीं घडणारी मूर्ति आणि दुसऱ्या अंगाला टिकण्यासाठीं घडलेली मूर्ति. ह्या दोहोंच्या मध्यें करमरकरांच्या आयुष्याची कथा आहे.

हल्लीं एकाच आशयासाठीं चित्र, मूर्ति, छायाचित्र, चलच्चित्र, ध्वनि अशीं अनेक साधनें हाताळणाऱ्या कलावंतास बहुमाध्यमी कलावंत म्हणण्याची रीत पडली आहे. शब्द नवा आहे. प्रश्न जुना आहे. जें सांगावयाचें तें कोणत्या द्रव्यांत सांगावें, आणि तें द्रव्य कोणाला परवडतें, हा तो प्रश्न. करमरकरांनीं भिंतीवरच्या चित्रापासून आरंभ केला. माती, प्लास्टर, कांसें आणि सिमेंट असा प्रवास करीत ते अखेर आपल्या गांवाकडे वळले. द्रव्य बदललें तसा आश्रयदाता बदलला, आणि आश्रयदात्याबरोबर मूर्तीचा विषयहि बदलला. ही गोष्ट ध्यानांत ठेवून त्यांचें चरित्र पाहिलें पाहिजे.

विनायकरावांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजीं सासवणें येथें झाला. त्या वेळीं जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें. रायगड हें नांव त्यास १९८१ सालीं मिळालें. परंतु नांव बदलण्याच्या कितीतरी आधींपासून ह्या जिल्ह्याच्या मनांत रायगड होताच. १८९६ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें रायगडावर शिवोत्सव झाला, तेव्हां विनायक चार-पांच वर्षांचा असेल. शिवछत्रपतींच्या समाधीची उपेक्षा, तिच्या जीर्णोद्धारासाठीं गोळा होणारा फंड, उत्सवांतील पोवाडे आणि व्याख्यानें ह्यांचे पडसाद त्या पिढीच्या कानांवर बालपणापासून पडत होते.

अशा दिवसांत वाढणाऱ्या मुलानें गांवच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें, ह्यांत आश्चर्य नाहीं. आश्चर्य आहे तें पुढील घटनेंत. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ह्यांच्या दृष्टीस तें चित्र पडलें; चित्रकार कोण, म्हणून त्यांनीं चौकशी केली आणि मुलाला मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत धाडण्याची खटपट केली, अशी हकीकत सांगतात. रॉथफील्ड हे केवळ वसुलीवर नजर ठेवणारे अंमलदार नव्हते. हिंदी स्त्रियांविषयीं त्यांनीं लिहिलेला ग्रंथ १९२० सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील चित्रें त्याच कलाशाळेचे विख्यात चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांनीं काढलीं होतीं. कागदावर काढलेलें चित्र कदाचित् घरच्या फडताळांत राहिलें असतें. भिंतीवरचें चित्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलें. द्रव्यानें माणसाचें नशीब ठरविण्याचा हा पहिला प्रसंग म्हणावयास हरकत नाहीं.

सासवण्याच्या किनाऱ्यावरून मुंबई फार दूर नाहीं. मध्यें समुद्र आहे एवढेंच. परंतु ह्या जलमार्गानें किनाऱ्यावरच्या गांवांकडून जबर किंमतहि घेतली आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेंत बुडाली आणि सहाशेंहून अधिक उतारू प्राणांस मुकले. शिक्षण, नोकरी, औषधपाणी, प्रत्येक गोष्टीसाठीं कुलाब्याच्या माणसाला हें पाणी ओलांडावें लागे. विनायकरावांनींहि तें ओलांडलें, आणि ते कलाशाळेंत दाखल झाले.

ही कलाशाळा १८५७ सालीं स्थापन झालेली. तेथें युरोपीय पद्धतीचें शिक्षण मिळे. विद्यार्थ्यानें प्रथम ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करावयाचें, मग जिवंत माणूस समोर बसवून अस्थि, स्नायु आणि वस्त्रांच्या चुण्या ह्यांचा अभ्यास करावयाचा, असा तो क्रम होता. ह्याच शाळेंत शिकलेल्या गणपतराव म्हात्रे ह्यांनीं १८९६ सालीं ‘मंदिरपथगामिनी’ घडविली, आणि पूजेला निघालेली मराठी स्त्री युरोपीय शिल्पाच्या रीतीनें तितक्याच सहजपणें उभी करतां येते हें सिद्ध केलें. त्यानंतरच्या पिढींत वसईचे रघुनाथराव फडके, बाळाजी वसंत तालीम आणि करमरकर हीं नांवें पुढें आलीं. करमरकरांनीं शाळेंतील अभ्यासक्रम लॉर्ड मेयो पदक मिळवून पुरा केला.

मूर्तिकाराची माती आणि शिल्पकाराची माती ह्यांत काय अंतर आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. गणपतीच्या मूर्तींत माती हीच शेवटची वस्तु. ती वाळली, रंगली कीं काम संपलें. शिल्पकाराच्या कामांत माती हा केवळ आरंभ असतो. आंत लोखंडाचा व लांकडाचा सांगाडा, त्यावर ओली माती, आणि काम चालूं असेपर्यंत ती वाळूं नये म्हणून तिच्यावर सदैव ओलीं फडकीं. मूर्ति मनासारखी झाली म्हणजे तिच्यावर प्लास्टरचा थर देऊन सांचा घ्यावयाचा; सांचा सुटतांना आंतील माती बहुधा मोडून जाते. मग त्या रिकाम्या सांच्यांत पुन्हां प्लास्टर, सिमेंट किंवा धातु ह्यांची प्रतिमा उतरवावयाची. म्हणजे शिल्पकाराच्या मातीचेंहि एका परीनें विसर्जनच होतें. फरक एवढाच कीं, जातांना ती आपला आकार मागें ठेवून जाते.

शिक्षण संपलें, पण उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. चित्रकाराला कागद व रंग पुरतात. शिल्पकाराला जागा, माणसें आणि भांडवल लागतें. हा आश्रय करमरकरांना मिळाला तो दूर कलकत्त्यास. १९१६ च्या सुमारास सुरेंद्रनाथ ठाकूर ह्यांच्या साहाय्यानें ते तेथें गेले. सुरेंद्रनाथ हे कवि रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरींत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ, आणि त्यांची बहुतेक नोकरी मुंबई इलाख्यांत झालेली. ठाकूर घराण्याला मराठी माणूस परका नव्हता.

कलकत्त्याचें कलाविश्व त्या वेळीं एका मोठ्या वादानें भारलेलें होतें. हॅवेलसाहेब आणि अवनींद्रनाथ ठाकूर ह्यांनीं युरोपीय वास्तवदर्शी पद्धतीविरुद्ध बंड उभारून अजिंठा व मोगल चित्रें ह्यांच्याकडे दृष्टि वळविली होती. मुंबईच्या शाळेंत घडलेले करमरकर ह्या वादाच्या ऐन घरांत राहूनहि आपल्या पद्धतीला चिकटून राहिले. ह्याला कोणी हट्ट म्हणतील. पण व्यक्तिशिल्पाचा धंदा ज्याला करावयाचा, त्याला समोरच्या माणसाचें नाक, कपाळ आणि नजर टाळून चालत नाहीं. माणूस ओळखूं आला पाहिजे, ही मागणी आश्रयदात्याची असते. आणि ओळखीच्या पलीकडे जाऊन तो बोलूं लागला पाहिजे, ही अपेक्षा शिल्पकाराची स्वतःशीं असते. ह्या दोन्ही कसोट्यांना उतरणारे हात करमरकरांनीं कलकत्त्यांत तयार केले.

१९२० सालीं ते विलायतेस गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमींत त्यांनीं अभ्यास केला, आणि धातूच्या ओतकामाचें ज्ञान मिळविलें. हें ओतकाम म्हणजे शिल्पकलेंतील धाडसाचा भाग. कांसें म्हणजे तांबें आणि कथील ह्यांचें मिश्रण. मोठा पुतळा भरीव ओतीत नाहींत. बाहेरचा सांचा आणि आंतील गाभा ह्यांमध्यें सारखी पोकळी ठेवून तींत वितळलेला रस सोडतात. रसाचें तपमान हजार अंशांच्या आसपास असतें. सांच्यांत कोठें ओल राहिली तर तिची वाफ होऊन सांचा फुटतो. हवा कोंडली तर मूर्तीला भोंक पडतें. रस मध्येंच थिजला तर महिन्यांचें काम क्षणांत वायां जातें. मातींत चूक झाली तर बोटानें पुसतां येते. कांशांत झालेली चूक पुसण्यास फार मोल पडतें.

ह्या ज्ञानाची परीक्षा लौकरच झाली. पुण्यास शिवछत्रपतींचें स्मारक उभारण्याची कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं उचलून धरली होती. १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं भांबुर्डें येथें त्या स्मारकाचा पाया प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्तें घालण्यांत आला. प्रसंग मोठा विलक्षण होता. दोनच दिवसांपूर्वीं युवराज मुंबईस उतरले तेव्हां शहरांत बहिष्कार आणि दंगल माजली होती. एका बाजूला टिळकांच्या परंपरेंतील शिवाजी, दुसऱ्या बाजूला संस्थानिकांच्या पुढाकारानें उभा राहणारा शिवाजी, आणि पाया घालावयास इंग्लंडचा युवराज! एका थोर पुरुषाच्या स्मृतीवर किती जणांचे हक्क असूं शकतात, हें त्या दिवशीं पुण्यानें पाहिलें. पुढें सहाच महिन्यांत, ६ मे १९२२ रोजीं, शाहू महाराज दिवंगत झाले. त्यांचें हें कार्य राजाराम महाराजांनीं पुढें नेलें, आणि पुतळ्याचें काम करमरकरांकडे आलें.

अश्वारूढ पुतळा हा शिल्पकाराच्या विद्येचा कस मानतात. उभ्या माणसाचा भार त्याच्याच दोन पायांवर असतो. घोडेस्वाराच्या पुतळ्यांत घोडा, खोगीर आणि स्वार ह्यांचें सगळें ओझें घोड्याच्या बारीक पायांवर येतें. शिवाय घोडा आणि स्वार हे दोन जीव एकाच हालचालीनें चालले आहेत असें वाटलें पाहिजे, नाहीं तर स्वार घोड्यावर ठेवल्यासारखा दिसतो. मुंबईंत त्या वेळीं लोकांच्या डोळ्यांसमोर असलेला प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा म्हणजे काळा घोडा. जोसेफ एडगर बोम ह्यानें १८७९ सालीं घडविलेल्या त्या पुतळ्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, पुढील सातवे एडवर्ड, आरूढ झालेले होते. १९६५ सालीं तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेण्यांत आला. सासवण्याच्या देवळावर घोडेस्वार रंगविणाऱ्या मुलाला आतां काळ्या घोड्याला साजेसा, पण आपल्या मातींतला घोडेस्वार घडवावयाचा होता.

मूर्ति मातींत घडली, सांचे झाले आणि माझगांवच्या गोदींत ती कांशांत ओतली गेली. जहाजें बांधणाऱ्या त्या गोदीशिवाय एवढें ओतकाम करण्याचें सामर्थ्य तेव्हां मुंबईंत फारच थोड्या ठिकाणीं असावें. पुतळ्याची उंची १३॥ फूट, वजन सुमारें ८ टन; आणि एकसंध ओतकाम अशी त्याची ख्याति आहे. मुंबईहून तो रेल्वेनें बोरघाट चढून पुण्यास आला. घाटांतील बोगदे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना साडेतेरा फुटांचा घोडेस्वार त्यांतून नेणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. १६ जून १९२८ रोजीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्तें त्याचें अनावरण झालें. भोंवतीं पुढें श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल उभें राहिलें, आणि भांबुर्ड्याचें शिवाजीनगर झालें.

ह्या पुतळ्याला २०२८ सालीं शंभर वर्षें पुरीं होतील. जवळजवळ शंभर पावसाळे अंगावर घेऊन तो उभा आहे, ह्याचें महत्त्व अलीकडच्या एका दुःखद घटनेनें अधिकच स्पष्ट केलें. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं अनावरण झालेला महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं, म्हणजे नऊ महिनेहि पुरे होण्यापूर्वीं, कोसळला. उंची अडीचपट अधिक. आयुष्य एका पावसाळ्याचेंहि नाहीं. स्मारकाची भव्यता फुटांत मोजण्याची घाई आपल्याला फार असते. मातींत किती महिने गेले, सांचा किती काळजीनें घेतला, ओतणाराचा हात किती स्थिर होता, हें मोजण्यास कोणतीहि पट्टी नाहीं. तें मोजतो फक्त काळ.

पुण्याच्या पुतळ्यानें करमरकरांचें नांव देशभर झालें. त्यानंतर राजे, पुढारी, दानशूर गृहस्थ ह्यांचे पुतळे व अर्धपुतळे घडविण्याचें काम त्यांच्याकडे येत राहिलें. हा व्यवसाय प्रतिष्ठेचा खरा, पण त्यांत एक अदृश्य बेडी असते. पुतळा कोणाचा करावयाचा हें शिल्पकार ठरवीत नाहीं. पैसा देणारी समिति ठरवते. पोशाख कोणता, पागोटें कसें, हातांत ग्रंथ कीं काठी, ह्यावरहि अनेकांचीं मतें असतात. कांशाला पैसा फार लागतो. म्हणून कांशांत अमर होण्याचा मान ज्यांच्या नांवें वर्गणी गोळा होऊं शकते त्यांनाच मिळतो. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघालेल्या कोळणीसाठीं वर्गणी कोण काढणार?

ह्या प्रश्नाचें उत्तर करमरकरांनीं सिमेंटमध्यें शोधलें, आणि त्यांच्या आयुष्यांतील हा भाग सर्वांत अधिक लक्ष देण्याजोगा आहे. सिमेंट हें त्या काळीं पश्चिम हिंदुस्थानांत नव्यानें हातीं आलेलें द्रव्य होतें. १९१४ सालीं पोरबंदर येथें इंडियन सिमेंट कंपनीचें उत्पादन सुरू झालें, आणि पूल, धरणें, चाळी ह्यांसाठीं हळूहळू सिमेंट सर्वत्र जाऊं लागलें. त्याला शिल्पाचें द्रव्य म्हणून प्रतिष्ठा नव्हती. संगमरवराची झळाळी त्याला नाहीं, कांशाची खानदानी काळिमा नाहीं; गवंड्याच्या थापीवरचें तें राखी रंगाचें पीठ. पण तें स्वस्त होतें, सांच्यांत ओतल्यावर बारीक सुरकुतीहि टिपून घेत होतें, आणि मुख्य म्हणजे त्यासाठीं कोणाची परवानगी लागत नव्हती.

सासवण्याच्या आपल्या घरीं करमरकरांनीं ह्या द्रव्यांत आपला शेजार घडविला. तेथें कोळीण आहे, कष्टकरी माणसें आहेत, म्हैस आहे, कुत्रा आहे. पाहुणा प्रथम आंत शिरतो तेव्हां क्षणभर फसतो, आणि फसल्याचें कळल्यावर हसतो. परंतु नुसत्या हुबेहूबपणावर तीं शिल्पें उभीं नाहींत. कष्टानें आलेला पाठीचा बांक, काम थांबवून क्षणभर टेकलेल्या माणसाची सैल झालेली मान, जनावराच्या कातड्याखालचें हाड, हें सारें त्यांत येतें तें दीर्घकाळच्या सहवासांतून. राजेलोक शिल्पकारासमोर पोशाख करून घटकाभर बसत. हे शेजारी त्यानें वर्षानुवर्षें येतां-जातां पाहिलेले होते. ‘शंखध्वनि’, ‘मत्स्यगंधा’ ह्यांसारख्या त्यांच्या नांवाजलेल्या कृतींतहि हाच किनारा आहे.

त्याच दशकांत, बंगालमध्यें शांतिनिकेतनांत, रामकिंकर बैज हे शिल्पकार सिमेंटकडेच वळले होते. १९३८ साली त्यांनीं सिमेंट व तांबडी खडी ह्यांचें ‘सांताळ कुटुंब’ उघड्यावर उभारलें. मुलाबाळांसह, कुत्र्यासह चाललेलें तें मजूर कुटुंब आज हिंदी शिल्पाच्या इतिहासांत मानाचें पान होऊन बसलें आहे. रामकिंकरांची पद्धत राकट, करमरकरांची मृदु. एकाचा ओढा नव्या युरोपकडे, दुसऱ्याचा जुन्या शाळेकडे. परंतु ज्या माणसासाठीं कांसें मिळत नव्हतें, त्याला सिमेंटमध्यें उभें करावें, ह्या एका निर्णयांत दोघेहि एकत्र येतात. रामकिंकरांचें नांव ग्रंथांतून गेलें आणि करमरकरांच्या सिमेंटच्या शेजाऱ्यांकडे मात्र प्रवासी ‘काय हुबेहूब आहे!’ एवढेंच म्हणून पाहत राहिला. ह्या अन्यायाचें एक कारण असें कीं, वास्तवदर्शी कला जुनी झाली असें विद्वानांनीं ठरवून टाकलें होतें. रीत जुनी झाली म्हणून तिच्यांतून पाहिलेला माणूस जुना होतो काय, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाहीं.

भारत सरकारनें करमरकरांस पद्मश्री देऊन गौरविलें. १९६७ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या मागें घरच्या मंडळींनीं, विशेषतः त्यांच्या स्नुषेनें, तें घर आणि तीं शिल्पें जिवापाड जपलीं. ‘करमरकर शिल्पालय’ म्हणून तें सर्वांसाठीं खुलें झालें. मुंबईचा माणूस पूर्वीं पडावानें किंवा बोटीनें ज्या किनाऱ्यास लागे, तेथें २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसुद्धां घेऊन जाणारी बोट सुरू झाली. मांडव्याहून सासवणें हाकेच्या अंतरावर आहे. सुटीच्या दिवशीं हजारों माणसें त्या वाटेनें समुद्रस्नानास जातात. त्यांतील थोडींच त्या घराशीं थांबतात.

आणि येथें द्रव्याचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. मोठ्या सिमेंटच्या शिल्पांना आधार म्हणून आंत लोखंडी सळई घालण्याची पद्धत असते. समुद्राची खारी हवा सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरते, लोखंडास गंज चढतो, गंजलेलें लोखंड फुगतें आणि वरचें सिमेंट आंतून तडकवतें. कांसें आपला हिरवट गंजच पांघरून घेऊन टिकतें. सिमेंटला असें पांघरूण नाहीं. म्हणजे राजांसाठीं वापरलेलें द्रव्य शतकानुशतकें राहील, आणि शेजाऱ्यांसाठीं वापरलेलें द्रव्य राखलें नाहीं तर जाईल. कोळणीला कांसें मिळालें नाहीं, त्याचें कारण तिच्यामागें समिति नव्हती. तिची डागडुजी करण्यासाठींहि समिति नसावी काय? एका कुटुंबानें जें अर्ध्या शतकाहून अधिक काळ सांभाळलें, त्याचा भार आतां समाजानें, सरकारनें आणि कलाशाळांनीं उचलणें हें उपकाराचें काम नाहीं; तें देणें आहे.

कलेची ही वाट करमरकरांपाशीं संपलेली नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील सास्ती ह्या कोळशाच्या खाणींच्या गांवीं १९८६ सालीं जन्मलेले प्रभाकर पाचपुते आज भिंतींवर कोळशानेंच खाणकामगारांचीं आणि उजाड शेतांचीं चित्रें काढतात. त्यांस मूर्ति, चलच्चित्र आणि मांडणी ह्यांची जोड देतात. २०२१ सालीं वेल्समधील ‘आर्तेस मुंडी’ हें पारितोषिक ज्या सहा कलावंतांत वांटून देण्यांत आलें, त्यांत ते एक होते. ज्या द्रव्यानें गांवाचें जीवन ग्रासलें, त्याच द्रव्यानें गांवाची कथा सांगावयाची, हा त्यांचा मार्ग. देवळाची भिंत, कोळसा, कांसें, सिमेंट, पडद्यावरचा प्रकाश. साधनें वाढत जातात. पण शेजारच्या माणसाकडे पुरेसा वेळ पाहिल्यावांचून त्यांतील एकहि साधन बोलूं लागत नाहीं.

भाद्रपदांत पेणच्या मूर्ति घरोघर जातात आणि दहा दिवसांनीं पाण्यांत मिळून जातात. पुढील वर्षीं त्या पुन्हां घडतात, कारण त्या घडविणारे हात गांवोगांव आहेत. सासवण्याची कोळीण मात्र एकदांच घडली. तिला घडविणारे हात आतां नाहींत, आणि समुद्राचा वारा तिच्या अंगणांत रोज येतो आहे.